ढवळे सरांचं ओलं गोणपाट

मृणालचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात बसून एका कंत्राटदाराशी लँडलाइनवर भांडत होते. मोबाइलवर तिचं नाव दिसलं, म्हणून रिसीव्हर मानेत धरूनच मी तिला म्हटलं, "दोन मिनिटांत करते गं." ती म्हणाली, "शुभाताई, बाबा गेले." मृणाल शाळेपासून दुबईत वाढलेली मुलगी, माझ्याशी दहा वाक्यं बोलली तर त्यांतली नऊ इंग्रजीत असतात. हे वाक्य मात्र ती मराठीत बोलली आणि म्हणूनच असेल, त्याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला. कंत्राटदार कानात "मॅडम, हॅलो, मॅडम" करत राहिला. मी रिसीव्हर खाली ठेवला.

मृणालचे बाबा म्हणजे आमचे बास्केटबॉलचे कोच, ढवळे सर. ते दुबईत विद्यापीठाच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये चौथ्या मजल्यावर राहायचे. इमारतीला चांगल्या दोन लिफ्ट होत्या. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलं होतं आणि सरांनी "हो हो, इन्शाल्ला" म्हणून त्यांना गप्प केलं होतं. त्या दिवशीही ते प्रॅक्टिस आटोपून चार मजले चढून आले, दाराशी पाय पुसले, खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. काकू पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सत्तावन्न हे काही जायचं वय नव्हतं. या गोष्टीला आज दीड महिना झाला. मला सरांचा एवढा राग आलाय, की तो कुणावर तरी काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा लेख.

सरांचं नाव पेपरात कधी आलं नाही. आज पहिल्यांदाच येतंय, तर पूर्ण लिहिते. दिनकर ढवळे, मूळ गाव कराड. तरुणपणी तिथल्या मातीच्या मैदानावर बास्केटबॉल खेळायचे. गुडघा गेला, खेळ सुटला, मग संसारासाठी आखातात आले आणि उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात पाइपांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले. व्हिसावर मात्र त्यांचा व्यवसाय लिहिला होता, सुतार. इथे राहिलेल्यांना यात काही नवल वाटणार नाही. कंपनीकडे ज्या धंद्याचा व्हिसा शिल्लक असेल तो माणसाच्या नावावर पडतो. रंधा कोणत्या बाजूने धरायचा हेही सरांना माहीत नव्हतं, पण कागदोपत्री ते नऊ वर्षं सुतार होते. त्यातली गैरसोय एवढीच, की सुताराला बायकोमुलीला इकडे आणता येत नव्हतं. काकू आणि मृणाल कराडला आणि सर इथे एका खोलीत पाच जणांबरोबर. दोन वर्षांतून एकदा सुट्टी.

कारखान्यापासून जवळच आमचं कॉलेज होतं, ड्यूटी संपली की सर तिथे मुलींची टीम शिकवायला यायचे. कॉलेज कसलं, दोन मजली पांढरी इमारत, तीन कॉम्प्युटर आणि मागच्या बाजूला सिमेंटचं एक बास्केटबॉल कोर्ट. शारजा, अजमानहून आम्ही मुली बसने यायचो. मार्कांवर भारतात कुठे चांगली ॲडमिशन मिळाली नाही आणि आईवडील एकटीला पाठवायला तयार नाहीत, अशा मुली तिथे जमायच्या. मीही त्यातलीच. नव्वदच्या दशकात मुलींची टीम आणि कोच पुरुष, म्हटल्यावर दोनतीन वडिलांनी कुरकुर केली. त्यावर प्रिन्सिपलांनी तोडगा काढला. प्रॅक्टिस चालू असेपर्यंत लायब्ररीच्या मॅडम कोर्टाशेजारी खुर्ची टाकून बसतील. मॅडम गोव्याच्या, त्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चाळीस डिग्रीत बसून त्या लोकरीचे स्वेटर विणायच्या. कोणासाठी, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

उघड्यावरच्या त्या कोर्टावर रोज वाळू यायची. तुम्ही कितीही झाडा, वारा सुटला की सिमेंटवर पिठाचा हात फिरवल्यासारखा थर. त्यावर पळालं की पाय सरकलाच. सरांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे गोणपाट. बासमती तांदळाचं चाळीस किलोचं रिकामं पोतं, त्यावर लाल रंगात छापलेला उंट. सर आमच्याआधी पोचायचे, मागच्या नळावर ते पोतं भिजवायचे, घट्ट पिळायचे आणि कोर्टाच्या कडेला अंथरून ठेवायचे. आत पाऊल टाकायच्या आधी प्रत्येकीने बुटांचे तळवे त्यावर पुसायचे, आधी डावा, मग उजवा. डावा आधी का, असं मी पहिल्याच दिवशी इंग्रजीत विचारलं. आमची सगळी पिढी तशीच, घरात मराठी कानावर आणि तोंडात इंग्रजी. सर म्हणाले, "कारण मी म्हणतो म्हणून. वर्षभर पुसलास की मग तुला कळेल, की आधी कुठलाही पुसला तरी चालतो." टीममध्ये मल्याळी, पंजाबी, गोवेकर आणि एक सुदानी मुलगी होती. त्या सगळ्यांना ते आपल्या कराडी हिंदीत ओरडायचे, "यल्ला, चलो, पहले पैर पुसो!" आणि सगळ्या मुकाट्याने पाय पुसायच्या.

डावांना त्यांनी नावं दिली होती ती तर विचारूच नका. खोलीवरच्या पाच जणांत स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या, पण त्यातल्या एकालाही महाराष्ट्रातलं काही येत नव्हतं. तेव्हा सरांना जे खावंसं वाटायचं ते आमच्या डावांची नावं व्हायचं. 'भाकरी' म्हणजे बॉल या हातातून त्या हातात भराभरा फिरवायचा. 'पिठलं' म्हणजे घरात काहीच नसताना करतात ते. दोन सेकंद उरलेत, काही सुचत नाहीये, तेव्हा डोळे मिटून बॉल शीबाकडे उंच फेकायचा. शीबा आमची सगळ्यात उंच मुलगी, कोट्टायमची. आणि आमचा हुकमाचा डाव म्हणजे 'थालीपीठ'. चौघींनी कडेकडेला पातळ पसरायचं, मध्ये भोक ठेवायचं आणि त्या भोकातून मी थेट बास्केटखाली घुसायचं. डाव पुकारायचं काम शीबाचं, कारण तिचा आवाज खणखणीत. तिने जन्मात थालीपीठ पाहिलेलं नव्हतं. पण ती "थालीपीट्!" ओरडली की समोरच्या टीमच्या मुली एकमेकींची तोंडं बघायच्या, तेवढ्यात मी आत घुसलेली असायचे.

या असल्या भांडवलावर सरांनी आम्हाला तीन वर्षांत कुठल्या कुठे नेलं. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येक मॅच हरलो, दुसऱ्या वर्षी निम्म्या जिंकलो. तिसऱ्या वर्षी मी कॅप्टन झाले आणि आंतरकॉलेज स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. तिथे आम्हाला दुबईच्या एका विद्यापीठाने हरवलं. त्याचं नाव घेतलं की आमचे पालक कौतुकाने मान हलवायचे. त्यांचं कोर्ट एसी हॉलमधलं होतं आणि लाकडी. मॅच संपल्यावर आम्ही सगळ्या बसमध्ये जाऊन बसलो तरी सरांचा पत्ता नव्हता. मी बोलवायला गेले, तर रिकाम्या हॉलमध्ये सर एकटेच उभे. हातात बॉल. तो ते हळूच जमिनीवर टाकायचे, आवाज ऐकायचे आणि परत टाकायचे. मी हाक मारल्यावर चोरी पकडल्यासारखे दचकले. तेव्हा मला त्यांची गंमत वाटली होती.

उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि माझं शेवटचं वर्ष सुरू झालं. या वर्षी फायनल मारायचीच, असं आम्ही सुट्टीआधी सरांच्या हातावर हात ठेवून ठरवलं होतं. एका शनिवारी, म्हणजे आमच्या इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आम्ही प्रॅक्टिसला गेलो, तर गोणपाट कोरडं होतं. कोर्टाच्या कडेला घडी घालून ठेवलेलं, उंट वर आलेला, कोरडं ठणठणीत. सर आजारी असतील, शीबा म्हणाली. तेवढ्यात लायब्ररीच्या मॅडम सुया आवरत उठल्या आणि सांगितलं, की मिस्टर ढवळे यांना दुबईच्या त्या विद्यापीठात नोकरी लागली, आजपासून ते तिकडे रुजू झाले. तेच विद्यापीठ! सरांनी आम्हाला चिठ्ठी ठेवली नव्हती, निरोप दिला नव्हता, काही नाही.

माझा राग नाकावरच असतो, हे माझ्या नवऱ्यापासून बॉसपर्यंत सगळे सांगतील. त्या दिवशी तर मी वेडीपिशी झाले. आपण या माणसाच्या पायाखालची पायरी होतो, एवढंच डोक्यात घुमत होतं. आमच्यावर हात बसवला आणि लाकडी कोर्ट दिसताच आम्हाला टाकून पळाला. मी ते गोणपाट उचललं, नळाखाली धरलं, नळ पूर्ण सोडला आणि ते तसंच गळतं आणून दाणकन कोर्टावर आपटलं. "पुसा पाय," मी म्हटलं, "आजपासून हे मी भिजवणार." त्या दिवसापासून मी ते रोज भिजवलं. पिळलं मात्र कधीच नाही. पिळायला जो धीर लागतो तो माझ्यात नव्हता. सिमेंटवर त्याने काही बिघडतही नव्हतं, उन्हाने पाणी मिनिटात सुकायचं.

नवीन कोच आला नाही. कोर्टाबाहेरून लायब्ररीच्या मॅडम आणि आतून मी, अशी आम्ही ती टीम रेटली. सरांचे दोन फोन घरी आले, मी बाबांना सांगितलं, मी नाहीये म्हणून सांगा. बाबांनी फोनवर "ती नाहीये म्हणतेय" असंच सांगितलं. बाबा सरळ माणूस.

आणि फेब्रुवारीत तेच झालं. उपांत्य फेरी, तेच विद्यापीठ, तोच लाकडी हॉल आणि समोरच्या बेंचवर ढवळे सर. अंगात त्या विद्यापीठाचा निळा टीशर्ट, गळ्यात ओळखपत्र, केस नीट कापलेले. त्यांनी हात वर केला. आमच्यातल्या दोघीतिघींनी नकळत वर केलाही, तर मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग मी पिशवीतून गोणपाट काढलं. आपण कोण आहोत ते यांना दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाहेरच्या नळावर ते चांगलं सचैल भिजवून आणलं, कोर्टाच्या कडेला अंथरलं आणि आम्ही पाचही जणींनी सरांच्या डोळ्यांसमोर, अगदी घासून घासून, बुटांचे तळवे पुसले. आधी डावा, मग उजवा.

लाकडावर ओले बूट म्हणजे काय, हे आम्हाला कुठून माहीत असणार? पहिल्या मिनिटाला मी पडले. माझ्या अंगावर सुदानी मुलगी पडली. शीबा बॉल घ्यायला उडी मारून खाली आली ती थेट बसली, आणि बसल्या बसल्या तीन फूट सरकत गेली. प्रेक्षक हसायला लागले. हॉलचा माणूस फडकं घेऊन धावत आला आणि आमच्या पाऊलखुणा पुसत आमच्यावर ओरडायला लागला. तीन मिनिटांत आम्ही दहा-शून्य मागे होतो. मला रडू येत होतं आणि रडायचं तर मुळीच नव्हतं.

तेवढ्यात टाइमआउटची शिट्टी झाली. मला वाटलं, आमच्या मॅडमनी मागितला. पण मॅडमना टाइमआउट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तो मागितला होता समोरच्या कोचने. दहाने पुढे असलेला कोच टाइमआउट घेतो, हे कोणी कधी ऐकलंय? त्यांच्या मुली गोंधळून सरांभोवती जमल्या. सरांनी त्यांना "पाणी प्या" एवढंच सांगितलं, आपल्या बेंचवरचे कोरडे टॉवेल गोळा केले, सरळ कोर्ट ओलांडून आले आणि आमच्यापुढे टाकले. "लाकूड आहे हे, सिमेंट नाही," ते मला म्हणाले. "कोरडे करा तळवे. आणि किती वेळा सांगितलं, पिळायचं म्हणून?" मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. टॉवेल मात्र घेतला. त्यांच्या विद्यापीठाचे एक सुटाबुटातले साहेब बाजूला उभे होते, त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

त्यानंतर आम्ही खेळलो, आणि चांगलं खेळलो. मध्यंतराच्या सुमाराला माझ्या लक्षात एक गोष्ट आली. शीबा "थालीपीट्!" ओरडली, की त्या सगळ्या हॉलमध्ये आता काय होणार हे फक्त एका माणसाला ठाऊक असायचं. त्याने एक बोट वर करून आपल्या मुलींना 'मध्ये' एवढं म्हटलं असतं, तरी आमचा डाव तिथेच संपला असता. पण शीबा ओरडली, की सर दर वेळी कोर्टाकडे पाठ फिरवायचे आणि बाटली तोंडाला लावायचे. आम्ही बावरून चौदा वेळा थालीपीठ लावलं असेल, ते चौदा वेळा पाणी प्यायले. आम्ही सात पॉइंटांनी हरलो. मॅच संपल्यावर मी कोणाशीही हात न मिळवता बसमध्ये जाऊन बसले. गडबडीत गोणपाट तिथेच राहिलं. ते घ्यायला परत आत जायची माझी छाती झाली नाही.

पुढच्याच आठवड्यात जेवताना बाबा म्हणाले, "ढवळ्यांची बायको आणि मुलगी आलीये गं इकडे. फॅमिली व्हिसा मिळाला त्यांना त्या विद्यापीठाकडून. नऊ वर्षांनी एकत्र राहतायत." एवढं बोलून त्यांनी वरण मागितलं. म्हणजे हे कारण होतं! मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. हा माणूस पायरीबियरी चढत गेला नव्हता, बायकोमुलीसाठी गेला होता. त्याला माफ करायला आता काहीच हरकत नव्हती. पुढच्या शुक्रवारी शीबाला घेऊन, मिठाईचा खोका हातात धरून, मी अगदी मोठ्या मनाने निघाले.

चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर आले तर दारात, उंबऱ्याच्या बाहेर, आमचं गोणपाट. उंटवालं. ओलं, पण नुसतं ओलसर, नीट पिळलेलं. मी आणि शीबाने एकमेकींकडे पाहिलं आणि पाय पुसले. दार काकूंनी उघडलं. पहिलीच भेट, आणि त्यांचं पहिलंच वाक्य, "तुमचं का ते गोणपाट? घेऊन जा बाई. नवीन घर, दारात पोतं! काय म्हणतील लोक?" आतून सर ओरडले, "काही नेऊ नकोस गं." त्यांनी ते नव्या कोर्टावर वापरायचा प्रयत्न करून पाहिला होता, असं मग कळलं. मेंटेनन्स विभागाने त्यांना लेखी कळवलं, की सदर वस्तू हॉलमध्ये आणू नये. म्हणून ते घराच्या दारात आलं.

काकूंनी थालीपिठं केली होती. शीबाच्या पुढ्यात ताट आलं, तिने मधल्या भोकात बोट घातलं आणि ओरडलीच, "सर! दिस इज थालीपीट्? दिस इज द प्ले!" मग तिने चार खाल्ली. "तीन वर्षं हिने माझ्या नवऱ्याचं थालीपीठ पुकारलं आणि हिला चव माहीत नाही!" म्हणत काकू हसून हसून बेजार. बारा वर्षांची मृणाल एका कोपऱ्यातून आम्हाला बघत होती. आपल्यापेक्षा या दांडग्या मुलींनीच आपल्या बाबांना जास्त पाहिलंय, हे तिला कळत असावं. पुढे एकदा तिने मला तसं सांगितलंही.

निघताना मी माझं तयार करून आणलेलं वाक्य म्हटलं. "सर, तुम्ही फॅमिलीसाठी गेलात ते आम्हाला कळलं. आमच्या मनात आता काही नाही." त्यांनी हो म्हटलं असतं तर सगळं गोड झालं असतं. ते म्हणाले, "व्हिसा मिळाला, बरं झालं. पण खरं सांगू का... नसता मिळाला तरी गेलो असतो. मला ते कोर्ट हवं होतं, शुभा. बॉल टाकला की कसा आवाज येतो त्याचा! आयुष्यभर मातीवर नाहीतर सिमेंटवर खेळलो मी. आणि पासपोर्टात सुतार." मी म्हटलं, "मग निदान सांगून का नाही गेलात?" त्यांनी मान खाली घातली. "तुमच्यासमोर उभा राहिलो असतो तर गेलो नसतो. म्हणून पळालो... ते चुकलं माझं. जाणं नाही चुकलं, न सांगणं चुकलं." मी विचारलं, "आणि तो टाइमआउट? ते पाणी पिणं?" त्यावर लगेच मान वर आली. "टाइमआउट माझा होता आणि तहानही माझीच होती. कोणाला काय करायचंय?" त्या सुटाबुटातल्या साहेबांना त्यांनी हेच उत्तर दिलं होतं म्हणे, फक्त इंग्रजीत.

मला वाटतं, त्या दिवशी सर खोटं बोलले असते तर मी त्यांना माफ करून घरी गेले असते आणि दोन वर्षांत विसरले असते. खरं बोलले म्हणून मी जन्माची चिकटले. नोकरी लागली, लग्न झालं, तरी महिन्यातला एक शुक्रवार त्या चौथ्या मजल्यावर ठरलेला. सर ड्रायव्हिंग टेस्ट सातव्या खेपेला पास झाले तेव्हा पेढे खायला मी होते. त्यांच्या विद्यापीठाच्या टीमने चषक आणला तेव्हाही होते. तो चषक हातात धरून सर माझ्या कानात म्हणाले, "चांगल्या मुली आहेत गं या. पण यांना कोर्ट झाडावं लागत नाही, माणसं आहेत त्याला. मग सुरुवात कुठून करायची तेच मला कळत नाही." लाकडी कोर्टाविरुद्ध तक्रार अशी त्यांनी तेवढी एकदाच केली.

गेल्या वर्षी माझ्यावर तीच वेळ आली. शारजाच्या ज्या छोट्या फर्ममध्ये मी काम शिकले, तिथून मला दुबईच्या मोठ्या कंपनीने उचललं. आमचे म्हातारे लेबनीज मालक मला मुलीसारखं मानायचे. त्यांना तोंड दाखवायची हिंमत होईना, तेव्हा मी ठरवलं, ईमेल पाठवायचा आणि मोकळं व्हायचं. सरांना सहज फोनवर सांगितलं. ते एकदम गरम झाले. "ईमेल? गाढव आहेस का? समोर जाऊन उभी राहा. रडतील, ओरडतील, तू पण रड. आणि मग जा." मी गेले. म्हाताऱ्याने आधी टेबलावर हात आपटला, मग दोन ग्लास चहा मागवला आणि म्हणाला, "खलास. मब्रूक, हबीबती." म्हणजे झालं तर, अभिनंदन, पोरी. त्यांची पत्रं अजून येतात. सरांना हे फोनवर सांगितलं, तर पलीकडून नुसतं हुंकारल्यासारखं ऐकू आलं... नंतर काकूंनी सांगितलं, की त्या संध्याकाळी स्वारी भलतीच खुशीत होती आणि उगाचच दोनदा चहा झाला.

काकू आता कराडला निघाल्यात. क्वार्टर सोडावं लागणार. मृणालची परीक्षा झाली की तीही जाऊन येईल. गेल्या शुक्रवारी मी सामान बांधायला मदत करायला गेले. खोटं नाही सांगत, जिन्यानेच गेले. लिफ्टचं बटण दाबायला हात पुढे झाला आणि आपोआप मागे आला. दीड महिन्यात तीनचार वेळा त्या दारात गेले होते, दर वेळी गोणपाट कोरडं होतं. लोक येत होते, त्यावरून जात होते, उंटावर वाळू साचली होती. मी दर वेळी ते न बघता आत शिरायचे. त्या शनिवारचं कोर्टाच्या कडेचं कोरडं गोणपाट मला दारातच आठवायचं.

या वेळी ते ओलं होतं. नुसतं ओलं नाही, पाण्याने निथळत होतं, लादीवर ओघळ आला होता. काकू दारातच उभ्या होत्या, हात ओले, पदर खोचलेला. "तू येणार म्हणून भिजवलं," त्या म्हणाल्या. "मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी. जमलंय का गं?" मी म्हटलं, "काकू, पिळायचं राहिलं." हे मी म्हणावं! आम्ही दोघींनी ते उचलून बाल्कनीत नेलं. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि पीळ घातला. केवढं पाणी निघालं त्यातून. काकूंचे डोळे वाहत होते आणि त्या हसतही होत्या. "कार्गोवाल्याला सांगितलंय मी," त्या म्हणाल्या, "हे सगळ्यात वर ठेव. कराडला पोचल्यावर पहिलं हेच लागेल."

आम्ही ते परत दारात अंथरलं. मी बुटांचे तळवे पुसले आणि आत जाऊन मागे वळून पाहिलं. आठ वर्षं त्या गोणपाटाला नावं ठेवणाऱ्या काकू चपला घालून बाहेर गेल्या होत्या, आणि दाराची चौकट धरून, अगदी सावकाश, पाय पुसत होत्या. आधी डावा, मग उजवा.